शंभर टक्के हजेरी

तो पहिल्यांदा आमच्या केंद्रात आला तेव्हा मला वाटलं, हा माणूस पत्ता चुकलाय. आमच्याकडे येणारे दारातूनच ओळखू येतात. कोर्टानं पाठवलेले असतात, त्यामुळे सगळ्या जगावर रुसल्यासारखे उभे राहतात आणि हजेरीच्या वहीत अशी सही करतात की खालचा कागदही फाटावा. यानं मात्र हळूच विचारलं, "ताई, सही कुठे करायची?" सही केली, पेनाला टोपण लावलं आणि पेन जिथून उचललं होतं तिथंच ठेवलं. सोळा वर्षं मी इथं हजेरी लिहितेय. टोपण लावणारा हा पहिलाच.

तो आत गेल्यावर मी फाईल उघडली. बायकोचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

आता आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. मला इथं सगळे हजेरीबाई म्हणतात. माझी जीभ तिखट आहे, हे माझी सून सांगते आणि ते खरंही आहे. माझं काम एवढंच, कोण आला, कोण नाही आला, ते लिहायचं. दर गुरुवारी दुपारी तीनला हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडायच्या, चहा द्यायचा आणि दाराशी माझ्या टेबलावर बसायचं. दार उघडंच असतं. त्यामुळे आतलं सगळं ऐकू येतं, आणि ऐकू येत नाही असं दाखवायचं, हाही कामाचाच भाग.

आत मॅडम असतात. वयानं लहान, पण डोक्यानं शांत. बायकोला, आईला, पोरांना मारलेले पुरुष त्यांच्यापुढे वर्षभर बसतात. मॅडमचा नियम एकच. वर्षभरात केव्हातरी प्रत्येकानं सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं सांगायचं की आपण काय केलं. कुठल्या दिवशी, कुठं आणि कुणाला. जबरदस्ती नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढचा उपचार सुरू होत नाही, असं त्या म्हणायच्या. मला ते तेव्हा थोतांड वाटायचं. मारलंय ते कोर्टाच्या कागदावर आहे की, पुन्हा बडबडून काय होणार?

हा खुर्च्या दुरुस्त करणारा. म्हणून आम्ही त्याला खुर्चीवाला म्हणायला लागलो. पहिल्या गुरुवारी तो बसला ती खुर्ची डुगडुगत होती. दोन मिनिटं बसला, मग उठला, खुर्ची उलटी केली, पायाचा सांधा बोटानं चाचपला आणि मॅडमना म्हणाला, "पाचर मारली की बसेल. पुढच्या वेळी सामान आणू का?" मॅडमनी हो म्हटलं. नंतर मला म्हणाल्या, "हाताला काम असलं की माणूस मोकळा होतो, बघा." त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. इतरांच्या बाबतीत ते खरंही ठरलं होतं.

आमच्या बावीस खुर्च्या होत्या. कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयातून आलेल्या, लाकडी, वेताच्या बैठकीच्या. एकीचा वेत फाटलेला, एकीचा हात निखळलेला. तो दर गुरुवारी पिशवी घेऊन यायचा आणि हॉलच्या कोपऱ्यात, गोलाच्या बाहेर, जमिनीवर बसायचा. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवून ठेवायचा आणि विणत राहायचा. गोलात बाकीचे रडायचे, भांडायचे, खोटं बोलायचे. कोपऱ्यातून फक्त हातोडीचा हलका ठोका यायचा. मॅडमनी विचारलं, "तुम्ही येताय का आज बसायला?" की तो म्हणायचा, "एवढी झाली की येतो." ती झाली की दुसरी असायचीच.

माझ्या खुर्चीतला खिळा सात वर्षं मला टोचत होता. त्यानं तो न सांगता काढला, वर गादी शिवून दिली. माझ्या टेबलाचा खण उघडताना मला पायानं लाथ घालावी लागायची, तो बोटानं सरकायला लागला. आता सांगा, असा माणूस कुणाला आवडणार नाही? मी त्याला पहिला चहा द्यायला लागले, जाड कपात, वरपर्यंत भरून.

चहा पिता पिता तो थोडंफार बोलायचा. लहानपणी आई-वडील गेले, मामानं वाढवलं. मामा वेतकाम करायचा. मामानं कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. पण भाच्याचं विणकाम चुकलं की ती खुर्ची दुकानाच्या दारावर टांगायचा, खाली पाटीवर भाच्याचं नाव लिहून. तीन दिवस. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? मामा म्हणायचा, आमच्या भाच्याची करामत.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, ताई. तेव्हापासून माझं चुकलेलं काम मी कुणाला दिसूच दिलं नाही. सांधा फाटला तर आतून पट्टी मारायची, वरून पॉलिश. चौदा वर्षं थिएटरच्या खुर्च्या सांभाळल्या. एक तक्रार नाही."

हे तो अभिमानानं सांगत होता. आणि मी मान डोलावत होते. माझीही अक्कल कुठं चरायला गेली होती, देव जाणे.

घरची गोष्ट मला फाईलमधून कळली. थिएटर बंद पडलं, तो जिन्याखाली छोटं दुकान घेऊन बसला. बायको कपड्यांच्या कारखान्यात, शर्टाचे सुटे धागे कापायच्या कामावर. एका संध्याकाळी काहीतरी शब्दाला शब्द लागला आणि यानं तिचा हात पिळला. दवाखान्यात सांगितलं, स्टुलावरून पडली. बायको गप्प. पण बरोबर आठ वर्षांची मुलगी होती. डॉक्टरनं विचारायच्या आधीच ती म्हणाली, "बाबांनी पिळला." तर हा हसला. म्हणाला, "पोर आहे, टीव्ही बघून काहीही बोलते." झालं. डॉक्टरनं पोलिसांना कळवलंच, बायकोनं पुढं खरं सांगितलंही. पण तोवर सगळ्या नातेवाइकांत मुलगी खोटारडी ठरली होती. आत्या तर तोंडावर म्हणायची, बापाला आत घालायला निघालेली कार्टी. मुलगी शाळेत बोलेनाशी झाली. कोर्टानं याला वर्षभर आमच्याकडे यायला सांगितलं, आणि तोवर राहायचं बहिणीकडे, घरी नाही.

बायकोची मागणी एवढीशी होती. केंद्रातल्या सगळ्या भेटींत तिनं तेच लिहून दिलं होतं. घरी यायचं तर या, पण मुलीसमोर एकदा म्हणा की ती खोटं बोलली नव्हती. बास. माफी नको, पाया पडणं नको. मॅडमही त्याला तेच सांगायच्या, "आधी इथं बोलून बघा. इथं जमलं की तिथं जमेल."

आता ट्रकवाल्याचं सांगते, कारण त्याच्याशिवाय माझी लाज पुरी होणार नाही. ट्रकवाला त्याच तुकडीत होता. राक्षसासारखं शरीर, तोंडाला तंबाखूचा वास. त्यानं तिसऱ्याच गुरुवारी सगळं ओकलं. "गरोदर होती आणि मी लाथ घातली," असं म्हणाला आणि ढसाढसा रडला. मला किळस आली. त्या दिवसापासून मी त्याला टवका उडालेल्या कपात चहा दिला. तो बापडा दर गुरुवारी यायचा, बोलायचा, इतरांचं ऐकून घ्यायचा, शिव्या खायचा आणि माझ्या फुटक्या कपाला "थँक्यू ताई" म्हणायचा. मॅडम मला एकदा म्हणाल्या, "आपण वाईट केलं असं ज्याला वाटतं तो ते निस्तरायला येतो. आपण वाईट आहोत असं ज्याला वाटतं तो तोंड लपवतो. मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते." मी म्हटलं, "मॅडम, माणसं माझीही बघून झालीत." असा माझा तोरा!

सातवा महिना होता. खुर्चीवाला आला तोच माझ्या टेबलाशी थांबला. म्हणाला, "आज बोलतो, ताई. मुलीचा वाढदिवस येतोय." मला इतका आनंद झाला की मी चहात साखर दोनदा घातली.

त्या दिवशी तो गोलात बसला. हातात काही नव्हतं, म्हणून हात गुडघ्यांवर ठेवले होते. मी दारातून बघत होते. मॅडम त्याच्याकडे वळून बसल्या. तो म्हणाला, "मी कामावरून आलो होतो. ती स्वयंपाकघरात होती. स्टूल बाजूलाच होतं, तिचा पायसुद्धा नव्हता त्याच्यावर." ट्रकवाला म्हणाला, "बोल भावा." तो म्हणाला, "पोरगी दारात होती. तिनं माझ्याकडे बघितलं."

आणि तेवढ्यात समोर बसलेल्या, त्याच तुकडीतल्या एका पेंटरची खुर्ची मोडली. मागचा पाय सुटला आणि पेंटर धपकन जमिनीवर. सगळे हसले. आणि मी, मी शहाणी, दारातून ओरडले, "अहो खुर्चीवाले, बघा ना जरा! लागेल कुणाला!"

तो उठला. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. फाशी टळलेल्या माणसाचा असेल तसा. खुर्ची उचलून तो कोपऱ्यात गेला, पिशवी उघडली, हातोडी काढली. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी दार लोटून घेतलं. मला वाटलं, ओरडले म्हणून रागावल्या. त्यांनी त्याला परत बोलावलं, पुढच्या गुरुवारी बोलावलं, त्याच्या पुढच्या गुरुवारीही. तो म्हणायचा, "एवढी झाली की येतो."

पण खुर्च्या होत्या बावीसच. त्या कधीच्या झाल्या होत्या. मग मोडत कशा होत्या? हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. मी आपली म्हणायची, जुनं लाकूड, चालायचंच.

नवव्या महिन्यात एका गुरुवारी मी अडीचलाच हॉलमध्ये गेले. तो एकटाच होता. गुडघ्यावर बसून खुर्चीच्या पायातली पाचर काढत होता. घातलेली, चांगली घट्ट, स्वतः मारलेली पाचर. बाजूच्या दोन खुर्च्यांचे स्क्रू काढून त्यानं ओळीनं फरशीवर ठेवले होते. आमची नजरानजर झाली. तो म्हणाला, "ढिली झाली होती, ताई. घट्ट करतोय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेंटरची खुर्ची मोडली, त्याच्या दोनच आठवडे आधी त्यानं ती दुरुस्त केली होती. म्हणजे त्या दिवशी बोलायला बसण्याआधीच यानं पळायची वाट करून ठेवली होती. कदाचित वापरलीही नसती. कदाचित आणखी दोन वाक्यं बोलून मोकळा झाला असता. पण मी ओरडले.

मी त्याला काय म्हटलं सांगू? म्हटलं, "चहा ठेवू का?"

मॅडमना सांगायला हवं होतं. तीनच्या आत सांगता आलं असतं. का नाही सांगितलं, याची कारणं मी स्वतःला शंभर दिली. माझं काम नाही. माणूस चांगला आहे. माझी खुर्ची त्यानं शिवली. खरं कारण एकच. सांगितलं असतं तर त्या दिवशी मी काय करून बसले ते निघालं असतं. मॅडमच्या तोंडून ते ऐकायची मला लाज वाटली. साठीला आलेली बाई मी, आणि शाळेतल्या पोरीसारखी गप्प बसले.

वर्ष संपत आलं. मॅडम मधे दोन गुरुवार रजेवर होत्या, त्यांच्या जागी दुसरे सर आले होते. अहवाल लिहायच्या दिवशी मॅडमसमोर साठ फायली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "खुर्चीवाले त्या दोन वेळांत बोलले का काही? सरांनी काहीच लिहिलं नाहीये."

मी म्हटलं, "हजेरी शंभर टक्के आहे, मॅडम."

त्या थकल्या होत्या. त्यांनी लिहिलं, हजेरी पूर्ण, वर्तन उत्तम, केंद्राला स्वयंस्फूर्तीनं मदत. ट्रकवाल्याच्या अहवालात लिहिलं होतं, दोन गैरहजेरी, कधीकधी आक्रमक. ट्रकवाला आज बायको-मुलांत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी नव्या तुकडीशी बोलायला येतो. फुटका कप मी फेकून दिला, पण फार उशिरा.

कागद न्यायला बायको आली. बारीक, केस घट्ट बांधलेली, कारखान्याचा बिल्ला अजून ओढणीवर. डाव्या हाताचं मनगट जरा वाकडंच राहिलेलं. तिनं कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, "ताई, हे इथं बोलले का?"

"एक गुरुवार चुकवला नाही हो! असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

"तसं नाही विचारत. बोलले का?"

मी तिच्या मनगटाकडे बघितलं नाही. खणाकडे बघितलं, तो बोटानं सरकणारा. म्हटलं, "सुधारलेत ते. बिनधास्त घरी न्या."

तिनं नेलं. माझ्या शब्दावर नेलं, हे मी आता कुणाला सांगू?

पाच महिन्यांनी फाईल परत आली. घरी गेल्यावर त्यानं दाराच्या बिजागऱ्या नीट केल्या, कपाट नीट केलं, मुलीसाठी छोटी खुर्ची केली, पाठीवर वेताची नक्षी. मुलगी तिच्यावर एकदाही बसली नाही. जमिनीवर बसून अभ्यास करायची. बायको म्हणायची, "एकदाच सांगा तिला." हा म्हणायचा, "एवढं झालं की सांगतो." चौथ्यांदा तिनं विचारलं तेव्हा मुलगी समोर होती. त्यानं बायकोच्या कानाखाली मारली, अशी, की उजव्या कानानं तिला ऐकू येईनासं झालं. कायमचं.

दवाखान्यात पुन्हा डॉक्टरनं मुलीला विचारलं. ती आता दहा वर्षांची. म्हणाली, "मला माहीत नाही. मी बघितलं नाही."

मॅडमनी ती ओळ मला वाचून दाखवली आणि डोकं हातांत धरून बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही तर दाराशीच असायचात. तुम्हाला कधी काही जाणवलं नाही?"

"मला काय माहीत, मॅडम," मी म्हटलं. "मी फक्त हजेरी लिहिते."

मुलीचं आणि माझं उत्तर एकच. तिला ते बापानं शिकवलं होतं. मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शिकले.

कोर्टानं त्याच्यापुढे दोन रस्ते ठेवले. चौदा महिने तुरुंग, नाहीतर दोन वर्षं आमचं केंद्र. तो नकाराच्या कागदावर सही करायला आला. दाढी वाढलेली, पण चपला तशाच नीट जोडून ठेवलेल्या. मी भडकले. म्हटलं, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? एका वाक्यासाठी तुरुंगात जाताय? मुलीला एक वाक्य सांगायचंय फक्त!"

"वाक्य येतं मला, ताई," तो म्हणाला. "पाठ आहे. दिवसभर मनात तेच चालू असतं. पण म्हणताना सगळे बघतात ना. दारावर टांगल्यासारखं होतं." मग हळूच म्हणाला, "तुरुंगात कुणी विचारत नाही. काम देतात. काम मी करीन."

सही केली, पेनाला टोपण लावलं, आणि गेला. जाताना माझ्या खुर्चीचा पाय त्यानं सवयीनं पायाच्या अंगठ्यानं हलवून बघितला. घट्ट होता.

आठवड्याभरानं बायको आली. जुन्या अहवालाची प्रत वकिलाला हवी होती. माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसली, त्याच बावीसांतली एक. मी प्रत काढून दिली. तिनं ती वाचली, हजेरी पूर्ण, वर्तन उत्तम. रडली नाही. चिडलीही नाही. एवढंच विचारलं, "ताई, तो इथं कधीच बोलला नव्हता. तुम्हाला माहीत होतं?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ऐकणारी ती एकटी. मी खाली मान घातली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि आयुष्यात कधी लागली नसेल एवढी ताकद लावून पुटपुटले, "हो. माहीत होतं. त्याला गोलातून उठवलं तेही मीच."

ती कागदाकडेच बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, माझे ओठ हललेले तिच्या ध्यानात आले असावेत. तेव्हा मला कळलं, मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते.

"काही म्हणालात का?" तिनं दुसरा कान माझ्याकडे वळवला आणि वाट बघत थांबली.

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी आणू का?"